परत आलेली माणसं

माझ्या आईस,

हे पत्र मी जहाजावर देणार नाही. वाचलंस तर तू आम्हाला न्यायला निघशील, आणि आम्ही तर देवाच्या कामाला आलोय.

सामोआ सोडलं आणि आधी डोलकाठी मोडली, मग पापुआच्या किनाऱ्यापाशी होडीच उलटली. तू विणलेली चटई, बायबल, सगळं बुडालं. "देवाला आपण रिकाम्या हातीच हवे होतो," तुझा जावई इलाइया नाकातलं पाणी शिंकरत म्हणाला.

काठावर एक म्हातारी कोरडे कपडे घेऊन उभी होती. "याही वेळी भिजूनच आलात?" ती चक्क आपल्या सामोअन बोलीत म्हणाली. "चला पेनी, चल लोसा. घर झाडून ठेवलंय."

पेनी आणि लोसा हे आमच्याआधी सामोआहूनच इथे धर्मकार्याला आलेलं जोडपं, तापाने गेलेलं. आम्ही ते नव्हे, हे परोपरीने सांगितलं. गावाने शांतपणे ऐकून घेतलं, आणि घरामागची त्या दोघांची थडगी सपाट करून तिथे रताळी लावली. लोसाचा झगा मला बेतून शिवल्यासारखा बसतो.

आज इलाइयाला ताप चढलाय. म्हातारी माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नकोस गं. मागच्या वेळीही आधी तोच गेला होता."

तुझी लेक,
सालाफाई. सालाफाईच.