उसासा म्हणजे एक मात्रा गप्प

नापोली,
झावळ्यांच्या रविवारची पूर्वसंध्या

ती. योलांदाताईस,

तुझ्या दोन्ही गालांवर एकेक पापा, आणि तिसरा त्या कानाला, जो आताशा ऐकत नाही असं तू फोनवर सांगतेस (सोयीचं तेवढं तो ऐकतो, हे मला ठाऊक आहे). गुडघा कसा आहे? तोरिनोच्या थंडीत तो बरा होणार नाही, हे तू लेकाकडे राहायला निघालीस तेव्हाच मी सांगितलं होतं. माझी प्रकृती ठीक आहे. रक्तदाब तेवढा वर आहे, पण त्याला कारण मीठ नाही, आमचं गाणं बसवणारा नवा मास्त्रो फुल्वियो आहे.

हा मिलानचा. वय चौतीस, आणि गळ्यात बारा महिने मफलर. आपले म्हातारे मास्त्रो गेल्यावर चर्चच्या बंधुमंडळाने त्याला आणला. दर वर्षी शोकमातेच्या शुक्रवारी आपल्या चर्चमध्ये जो क्रुसाखालच्या मातेचा अडीचशे वर्षं जुना विलाप गातात, पुढे दोन बायका आणि मागे सतरा माणसं, तो या वर्षी त्याने बसवला. पहिल्याच तालमीला त्याने जाहीर केलं की आपण सगळे नुसते गातो, भोगत नाही. त्या काळचे गायक म्हणे भाव अंगभर दाखवत. मग प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला: दुःख आलं की उजवा हात कपाळाला, आशा आली की दोन्ही हात वर, तिरस्कार आला की तळवा बाहेर फेकायचा. (मागच्या रांगेतल्या दोघा खाटकांना आशा आणि तिरस्कार एकाच वेळी आला, त्यात त्यांच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंचा केसांचा टोप गेला.) माझ्याकडे वळून म्हणाला, "एर्सिलियाबाई, सूर चोख आहे हो तुमचा, पण चेहरा म्हणजे दुपारची पोस्टाची खिडकी." ताई, मी कोर्टात बत्तीस वर्षं लघुलेखन केलं. समोर विधवा रडल्या, खुनी रडले, एकदा तर न्यायाधीश रडला. माझ्या वहीतलं एक अक्षर ओलं झालं नाही, म्हणून तर त्यांचं रडणं आजही नीट वाचता येतं. हे मी त्याला ऐकवलं. त्याने मफलर सारखा केला आणि सांगून टाकलं की शुक्रवारी चेहरा हलला नाही, तर पुढच्या वर्षीपासून दुसरा आवाज औषधवाल्याच्या मेहुणीचा. अडतीस वर्षं तो आवाज माझा आहे. त्यांतली सव्वीस वर्षं माझ्या शेजारी पहिला आवाज तुझा होता, आणि आपल्या दोघींच्या चेहऱ्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

पण खरा कहर पुढेच. विलापाच्या त्या जुन्या स्वरलिपीच्या वहीत नऊ ठिकाणी 'उसासा' असं लिहिलेलं आहे. आता सिस्टर वेनेरांदाने आपल्याला शाळेत काय शिकवलं होतं? त्या काळी एका मात्रेच्या विश्रांतीलाच उसासा म्हणत. फूटपट्टी बोटांवर ठेवून ती सांगायची, "उसासा म्हणजे एक मात्रा गप्प. रडायचं लोकांनी, तू मोजायचं." फुल्वियोने मात्र तो शब्द शब्दशः घेतला. सतरा माणसांना त्याने तीन आठवडे उसासे टाकायला शिकवलं, पोटातून, खांदे पाडून. मी अर्थ सांगायला गेले तर म्हणाला, "तुम्ही शिकलात बाई, अनुभवलं नाहीत." (एवढं ऐकून घेऊनही मी त्याला हातातली छत्री मारली नाही, याचं सिस्टरच्या आत्म्याला पुण्य लाभो.)

काल तो शुक्रवार झाला. चर्च भरलेलं, पुढच्या बाकावर दोन्ना तितीना मासेवाली. पहिल्या कडव्यात सतरा जणांनी एकदम पहिला उसासा टाकला. तितीना शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "काय गं, गॅस गळतोय का कुठे?" शेजारीण म्हणाली, "नाही गं, दमलेत बिचारे. कधीपासून उभं करून ठेवलंय." तिसऱ्या उसाशाला तितीनाला राहवेना. तिने दिवाबत्ती करणाऱ्या आन्येल्लोला हाक मारली, "अरे मेल्या, खिडक्या उघड की, माणसं गुदमरतायत." त्यालाही ते पटलं. त्याने समुद्राकडच्या दोन्ही मोठ्या खिडक्या उघडल्या आणि वाऱ्याने मेणबत्त्या विझवल्या, कागद उडवले, मफलरही नेला. इकडे फियामेत्ता (दातांच्या डॉक्टरची बायको, सध्याचा पहिला आवाज) मास्त्रोच्या आज्ञेप्रमाणे खरंखुरं रडत होती. खरं रडलं की नाक बंद होतं, हे मास्त्रोच्या कागदावर नव्हतं. 'माते'चं 'बाते' झालं, 'मरणा'चं 'बरण' झालं, मग नुसताच रुमाल दिसू लागला आणि शेवटी ती बाजूच्या दाराने बाहेरच गेली. मास्त्रो बाकाखाली कागद गोळा करत होता.

उरलं शेवटचं कडवं. ऑर्गनवाला जवळजवळ आंधळा, त्याला कागदाची गरज कधीच नव्हती. त्याने माझा सूर दिला. मी हातांची पोटावर घडी घालून, सिस्टरने शिकवलं तशी उभी राहिले आणि एकटीने गायले. उसाशाच्या जागा आल्या, मी मोजलं, गप्प राहिले. त्या गप्पपणात कुणी खोकलंसुद्धा नाही, ताई. तितीना शालीत नाक खुपसून रडत होती. शेजारणीने विचारलं, "तुझं कोण गेलंय गं?" तितीना म्हणाली, "कुणी नाही. तू गप्प बस, ती आता परत गप्प होणार आहे."

नंतर मास्त्रो आला, माझे दोन्ही हात धरून काहीतरी बोलला, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की पुढच्या वर्षीही दुसरा आवाज माझाच. सिस्टर वेनेरांदा जिंकली.

लेकाला आशीर्वाद. सुनेला सांग, भातात एवढं लोणी घालतात ते तोरिनोत, माणसांत नव्हे.

तुझी,
कोरड्या डोळ्यांची
एर्सिलिया

ता. क. फियामेत्ताने राजीनामा दिला. पहिल्या आवाजाची जागा रिकामी आहे. सहज कळवते.

ता. क. २. मास्त्रो काय बोलला ते सांगूनच टाकते, नाहीतर तुला दुसऱ्या कुणाकडून कळेल. तो म्हणाला, "शेवटी टाकलात ना उसासा, बाई." शेवटच्या विश्रांतीला मी मोजत होते. मोजता मोजता शेजारच्या फरशीकडे नजर गेली. तू पुढची ओळ उचलण्याआधी तिथे श्वास घ्यायचीस, आणि त्यावर मी माझी मात्रा धरायचे. सवयीने वाट पाहिली. तुझा आला नाही, माझाच आला, आणि चांगला शेवटच्या बाकापर्यंत गेला. आता तो गावभर सांगत सुटलाय की एर्सिलियाबाईंनी माझी पद्धत सिद्ध केली. नाही म्हणावं, तर मग तो उसासा कशाचा होता ते सांगावं लागेल.

ता. क. ३. अत्तीलियोभावोजी गेल्यापासून तू गात नाहीस, गळा दाटतो म्हणतेस. दाटू दे. त्या गाण्यात नऊ विश्रांती आहेत, तेवढ्यात मोकळा होईल. पुढच्या शोकमातेच्या शुक्रवारी ये. तू शेजारी असलीस तर मला एक मात्रा गप्प राहता येईल, आणि त्या मिलानवाल्याला खोटं पाडता येईल. मुख्य कारण तेच आहे, दुसरं काही समजू नकोस.