गॅस काढलेलं ऑरेंज

२ मार्च, रविवार

पृथ्वीराजनं आज माझी बाटली रस्त्यावर ओतली. अख्खी! सगळ्यांच्या देखत!

गगनबावड्याहून परत येत होतो. पायात गोळे, डोळ्यांपुढं पिवळं. कळे गावच्या टपरीवर थंडगार ऑरेंज घेतलं, ओठाला लावणार तोच ह्यानं हातातून काढून घेतलं. दातांचा डॉक्टर, म्हणून आमच्या सायकल ग्रुपचा म्होरक्या. म्हणतो, "मल्लेशराव, एवढी सायकल मारायची आणि वर ही साखर ढोसायची? मग घरात लोळत पडा की!" आणि बाटली उलटी. सगळे खी खी.

"ग्रुपचा नियम हाय. राइडला थंड बंद."

कुणी केला नियम? ह्यानंच! आणि ह्याच तोंडानं स्वतःच्या दवाखान्यातली लिंबाची पावडर सगळ्यांच्या गळ्यात मारतो. पुडी उलटी करून वाचलीय मी. त्यातही साखरच! फक्त पुडीवर धावणारा माणूस छापलाय.

चीड कसली येते माहितीय का — ते ऑरेंज आमचं होतं. दानम्मा सोडा, आमची घरची फॅक्टरी. आज्जीच्या नावाची बाटली, अप्पांनी भरलेली, कळ्याच्या धुळीत!

पूर्णिमा हसली नाही. सांडलेल्या ऑरेंजकडं बघत उभी होती. मी तिच्याकडं बघत होतो. ती धुळीकडं.

४ मार्च

अप्पांना सांगितलं. म्हणाले, "दात त्याचं न्हाईत, तुझं हाईत. त्याला काय करायचंय?" मग म्हणाले — "पर घरात येऊन दोन-दोन बाटल्या पितोस, ते बंद कर. फॅक्टरीतला माल विकायला हाय, तुला प्यायला न्हवं."

म्हणजे हेही फितूर!

६ मार्च

युक्ती सापडली. संध्याकाळी ऑरेंज फोडायचं, चिमूटभर मीठ टाकायचं. फस्सकन फेस येतो, गॅस उडून जातो. मग ते काळ्या सिपरमध्ये भरायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं पाणी. आणि चढावर गॅस पोटात गेला तर ढेकरच येत राहतात, तेही टळतं.

अप्पा खुर्चीत बसून बघत होते. हसून हसून त्यांना ठसका लागला. "शिवा शिवा! गॅस घालण्यात आमची हयात गेली, आणि ह्यो काढायला बसलाय! कॉलेज सोडून ही डिग्री काय रे?"

कॉलेजचं कशाला मधे आणायचं? एका सरांनी वर्गात 'सोडावाला' म्हटलं, मी बाक आपटून बाहेर पडलो, परत गेलो नाही. दीड वर्ष झालं. पश्चात्ताप नाही. असला तरी इथं लिहिणार नाही.

९ मार्च, रविवार

नीट लिहितो.

आज जोतिबा. चढाला लागल्यावर सगळे पुढं गेले. पृथ्वीराज तर जणू कुणी मागं लागल्यासारखा. पूर्णिमा मागं पडायला लागली. ती कधी मागं पडत नाही! मी वेग कमी केला. (नेहमीच करतो. तिला वाटतं मला चढ झेपत नाही.)

बघतो तर सायकल ह्या कडेला, त्या कडेला. चेहरा पांढरा, घाम असा की अंगावर तांब्या ओतलाय. म्हटलं, "उतर की जरा." तर माझ्यावरच — "तू कोण मला सांगणार?" असं ती कधी बोलत नाही. मग स्वतःच कठड्यावर बसली, म्हणाली,

"मी बसतो हितं. मल्ल्या, बाटली दे. ऑरेंजची."

"पाणी हाय त्यात."

"खोटं बोलू नको. जीभ बघ तुझी. भगवी झालीया."

दिली. दोन्ही हातांनी धरून गटागटा प्यायली, हनुवटीवरून ओघळ. मग डोळे मिटून बसून राहिली. मी घाबरून सायकलीची घंटी वाजवत होतो. का, ते विचारू नये.

थोड्या वेळानं तोंडावर रंग आला. म्हणाली, "आता बरी हाय मी. कुणाला सांगायचं न्हाय, शपथ घे."

आणि सांगितलं. तिला शुगर आहे. सहावीत असल्यापासून. रोज इन्सुलिनची सुई, दिवसातून चार-चार वेळा. सुई जास्त झाली, खाणं कमी पडलं आणि चढ लागला, की शुगर धडाधड उतरते. उतरली की ताबडतोब साखर लागते. जर्सीच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते तिच्या, आज ती पायथ्यालाच संपली.

मला आजवर वाटायचं, शुगर असणाऱ्याला साखर म्हणजे विष. हिला त्या वेळी नाही मिळाली तर जीव जायचा! आणि तो दातवाला बाटल्या ओततोय!

"मग ग्रुपला सांगत का न्हाईस?"

"आईनं बजावलंय. सगळीकडं झालं की स्थळं येणार न्हाईत."

मग खाली बघत, "एक आलंय. जयसिंगपूरचं. पुढच्या रविवारी बघायला येणार."

एका कठड्यावर दोन गोष्टी सांगितल्या तिनं. पहिली ऐकून तिला उचलून दवाखान्यात न्यावंसं वाटलं. दुसरी ऐकून दरीत उडी टाकावीशी.

वर पोचल्यावर पृथ्वीराज म्हणतो, "काय मल्लेशराव, दम लागला?"

"व्हय," म्हणालो. दात आवळून. त्याचे नव्हे, माझेच.

१० मार्च

सिपर धुतला नव्हता. तिचं तोंड लागलेलं. खिडकीत ठेवला होता.

अव्वानं धुतला! भांडलो. अव्वा म्हणाली, "मुंग्या लागल्या हुत्या की रे, येड्या!"

१३ मार्च

पृथ्वीराजनं ग्रुपवर टाकलं — साखर पिणारे खरे सायकलपटू नव्हेत. खाली किडक्या दातांचा फोटो. मी लिहिलं, "डॉक्टर, काही जणांना साखर औषध असते. आपल्यातच कुणाला लागत असेल तर? तोंड बघून कळतं काय तुम्हाला?"

पाठवल्या पाठवल्या पूर्णिमाचा फोन. "डिलीट कर. आत्ता. 'आपल्यातच' काय, 'आपल्यातच'?"

केलं डिलीट. त्यावर पृथ्वीराजचा हसरा चेहरा. त्याला वाटलं मी घाबरलो! घशात निखारा घेऊन बसलोय आणि थुंकायचीही सोय नाही.

१६ मार्च, रविवार

ती राइडला आली नाही. आज तिच्याकडं पावणे.

मी गेलो, शिये फाट्यावरूनच परत फिरलो. फॅक्टरीत बसून दिवसभर बाटल्या धुतल्या. तीन फोडल्या. अप्पांनी काचा गोळा केल्या. त्यांना कळलं असावं. संध्याकाळी नुसतं म्हणाले, "पूर्णिमाच्या घरात आपलं नाव निघालं हुतं मागं. तिचा अप्पा म्हणाला, पोरगं चांगलं हाय, पर कॉलेज अर्धं सोडलंय."

म्हणजे निघालं होतं! आणि मला आज सांगतायत!

पसंती झाली. पाडव्याला साखरपुडा. साखर लपवून साखरपुडा! वा रे वा!

१८ मार्च

तिच्या आईनं मुलाकडच्यांना काही सांगितलेलं नाही. पूर्णिमाच म्हणाली. "आई म्हणती, लगीन झाल्यावर बघू. सुया म्हणं मी माहेराहून लपवून आणायच्या." हसत म्हणाली. हसण्यासारखं काय आहे त्यात?

उद्या परक्या घरात ही न्हाणीघरात दार लावून सुई घेणार. उपास धरायला लावतील, ही नाही म्हणणार नाही. स्वैपाकघरात चक्कर येऊन पडली तर सासू तोंडावर पाणी मारत बसेल. तोंडात साखर घाला, हे कुणाला ठावं असणार? कुणालाच नाही! मरेल ती!

त्या मुलाला सांगायला पाहिजे. अमरेश नाव आहे. जयसिंगपुरात पाइप-मोटारींचं दुकान.

तिच्या जिवासाठी सांगणार आहे मी.

(खोडत नाही, पण अर्धंच खरं आहे. सांगितलं की स्थळ मोडेल. मोडावं असं वाटतं. मग कॉलेज अर्धं सोडलेला काय वाईट? मी तर सगळं माहीत असून तयार आहे! मोठ्या मनाचा एकटा मीच!)

शपथ घेतली होती. मोडणार. लागू दे पाप.

२० मार्च, गुरुवार

गेलो. सायकलनंच. हातकणंगल्यापर्यंत नुसत्या रागावर. जीभ टाळूला चिकटली तरी थांबलो नाही.

दुकानात अमरेश एकटाच. चष्मा, थोडं पोट, शर्टच्या खिशाला मोजायची टेप. वाटलं होतं कुणी उर्मट शेठ असेल, दोन देता येतील. तर हा उठून उभा राहिला. "या पावणं! कोल्हापूरहून सायकलवर? ह्या उन्हात? बसा आधी." आणि शेजारच्या दुकानाकडं तोंड करून, "आकारामतात्या, एक थंड द्या! गारातलं गार!"

ज्याचं लग्न मोडायला आलो त्याच्या हातचं थंड! नको म्हणणार होतो. हात आधीच पुढं गेला. एका दमात संपवलं. मोठा ढेकर आला, त्याच्या तोंडावरच.

"मी पूर्णिमाच्या ग्रुपमधला," म्हणालो, आणि मग सगळं बाहेर पडलं. तिला शुगर आहे, लहानपणापासून आहे, सुया घेते, तुमच्यापासून लपवलंय, तुम्हाला फसवतायत, आणि तुम्ही तिला काय समजून घरी नेताय! काउंटरवर हातही आपटला बहुतेक. टेप खाली पडली.

अमरेशनं ती उचलून खिशात अडकवली.

"माहीत हाय मला."

"काय?"

"बघायला गेलतो तवाच बोलली. पाच मिनटं गच्चीवर सोडलं हुतं आमाला. माझं नाव-गाव विचारायच्या आधी सुई दावली. म्हणाली, जमत असलं तर खाली चला, नसलं तर रंग आवडला न्हाय म्हणून सांगा." आणि हसला. "असली पोरगी कुठं मिळणार हो?"

मी रिकामी बाटली काउंटरवर ठेवली.

"आईला लगीन झाल्यावर मी सांगणार हाय. आधी न्हाय. आमची माणसं तुमाला ठावं हाईत की. एकदा घरात आली, की आईच तिला जपंल." मग पुढं वाकून, "तुमी सोबत सायकल मारता न्हवं? चढावर शुगर लो झाली तर काय देता?"

मला विचारलं त्यानं! सांगितलं. ऑरेंज, गॅस काढलेलं. मीठ किती, बाटली काळी का, प्यायल्यावर किती वेळ बसवायचं. तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत ऐकत होता. "आणि ऑरेंज नसलं तर साधं साखरेचं पाणी चालंल न्हवं?"

"चालंल."

"आणखी एक मागवू का थंड? लांब जायचंय तुमाला."

नको म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा.

येताना पाय चालेनात. राग होता तोवर पाय होते. माले फाट्याजवळ झाडाखाली आडवा झालो. दोन वर्षं दर रविवारी तिच्या मागं सायकल मारली, मला नाही सांगितलं. त्याला पाच मिनटांत! पहिल्या भेटीत! माझ्यात काय कमी होतं? तोंड? की कान?

२१ मार्च

चांगला माणूस निघाला. मेलो.

२३ मार्च, रविवार

ती आली राइडला. पन्हाळा. मी दोन सिपर नेले होते, एक तिचा. लागला नाही. परत येताना रंकाळ्यावर थांबलो, तेव्हा सांगून टाकलं, "जयसिंगपूरला गेलतो."

आधी डोळे मोठे केले. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं मला. राग आलता. मग ते म्हणाले, पोरगं उन्हात एवढं लांब आलं, ते काय वैरी असतंय?" सायकलीला टेकत, "मल्ल्या, तुला का न्हाय सांगितलं ठाव हाय? तू सगळ्या जगाशी भांडत बसला असतास माझ्यापायी. मला सायकल मारायची हुती नुसती."

उत्तर तयार होतं. दिलं नाही. सिपर तिला देऊन टाकला. "घिऊन जा लग्नानंतर. जयसिंगपुरात चढ न्हाय म्हणा."

हसली. खरं हसली. पृथ्वीराज लांबून ओरडला, "काय पिताय तिकडं?" ती म्हणाली, "ऑरेंज!" आणि त्याच्या देखत प्यायली. गरज नसताना, एक घोट. मग त्याला जीभ काढून दाखवली.

घरी आलो. अप्पांना म्हटलं, पाडव्याच्या साखरपुड्याला थंड आपल्याकडून द्यायचं. ऑरेंज. चांगलं गॅस भरलेलं. "देऊ," म्हणाले.

आज भूक लागली. नीट जेवलो.

२५ मार्च, मंगळवार

स्थळ मोडलं.

त्या दुकानामागंच त्यांचं घर. मधे नुसता पडदा. अमरेशची आई पलीकडं भाकरी खात बसलेली त्या दिवशी. पोराचं तिनं ऐकलं नव्हतं, तो हळू बोलतो. माझं शब्दन् शब्द ऐकलं. चार दिवस गप्प राहिली आणि काल नारळ परत पाठवला. अमरेश भांडला, ऐकत नाही ती.

पूर्णिमाचा फोन आला होता. ओरडली नाही. रडलीही नाही. नुसतं म्हणाली,

"किती मोठ्यांदा बोलतोस रे मल्ल्या."