पोचा पडलेली बादली

माय, तुझी बादली अजून आहे. धाकट्याच्या वेल्डिंगच्या दुकानात, तापलेलं लोखंड बुडवायला ठेवलेली. बूड दोनदा बदललंय, कडी त्यानं सळईची करून घातली आहे, पण बाजूचा पोचा तसाच आहे, माझी मूठ बसेल एवढा. गिऱ्हाइकं त्याला हसतात. एवढा कारागीर तू, हा पोचा ठोकून काढता येत नाही का? तो म्हणतो, "मायच्या हातची वस्तू हाय, राहू दे." तो पोचा कशाचा आहे हे त्याला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं. म्हणून तुला लिहायला बसले.

मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. धाकटा नुकता रांगायला लागला होता. त्याला हगवण लागून किती दिवस झाले होते ते आठवत नाही, पण त्याचं तोंड आठवतं. डोळे आत गेलेले, टाळू बसलेली. रडायचा तेव्हा आवाज यायचा नाही आणि डोळ्यांतून पाणीही यायचं नाही. बाबा माठाला पाठ लावून बसलेले आहेत. पाणी दिलं की पोट आणखी वाहतं, असं सगळा मोहल्ला सांगत होता आणि बाबांनी ते पक्कं धरलं होतं. तू विहिरीवरून बादली भरून येतेस. म्हणतेस, "तोंड तं ओलं करू द्या त्याचं." बाबा म्हणतात, "नाई म्हनलं नं." आणि ते रडत आहेत, माय. ते पाणी देत नव्हते आणि रडत होते. तू बादलीत हात बुडवून धाकट्याकडे वळतेस, तेवढ्यात बाबा बादलीला लाथ मारतात. सारवलेल्या जमिनीवरून पाणी धावतं, चटईपाशी जातं, आणि धाकटा मान वळवून ओली जमीन चाटायला लागतो.

ते तू पाहिलंस आणि मीही पाहिलं. मग तू रिकामी बादली दोन्ही हातांनी उचललीस.

तो आवाज मला अजून येतो. बाबांच्या ओरडण्याचा नाही, पत्र्याचा. त्यांचा हात तुझ्या केसांत गेला म्हणून तू दुसऱ्यांदा मारलंस, आणि तेव्हा कपाळ फुटलं. बाबा एरवी तुझ्यावर हात उगारत नसत असं मी लिहिणार होते, पण ते खरं नाही. त्या दिवशी मात्र ते तसेच बसून राहिले, धोतराचा सोगा कपाळाला लावून, आणि तू त्यांच्या पाठीमागून माठात गडवा घालून धाकट्याला चमच्या-चमच्यानं पाणी पाजत होतीस. तुझे हात लाल झाले होते, गडव्यालाही रक्त लागलं होतं. शेजाऱ्यांची बैलगाडी मागून आपण दवाखान्यात गेलो. मांडीवर मुलगा, शेजारी डोकं फुटलेला नवरा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "बैलानं मारलं जी." बाबांनी मान हलवली. मी तोंड उघडलं, तर तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की आठवडाभर निळं राहिलं. परत येताना म्हणालीस, "त्याले कधी सांगजो नोको. बापाचा मान जाईन."

धाकटा वाचला. मला मात्र तू पुढच्याच वर्षी मिशनच्या सिस्टरांच्या बोर्डिंगात टाकलंस. का, ते मोठी झाल्यावर कळलं. घरातल्या हातांची सवय माझ्या हातांना लागू नये म्हणून. तिथे आम्ही हात जोडून उठायचो, हात जोडून जेवायचो. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चुलीपाशी बसले होते, तू ज्वारीची भाकर थापत होतीस, आणि मी शहाणपणानं म्हटलं, "माय, सिस्टर सांगतात, जो हात उचलतो तो आतून दुबळा असतो." पिठानं भरलेल्या हातानं तू अशी ठेवून दिलीस की माझ्या गालावर पाच पांढरी बोटं उमटली. "तुह्या भावाले इचार जाऊन, दुबळा असते का थो हात." मग पदरानं माझं तोंड पुसलंस आणि तव्यावरची पहिली भाकर मला दिलीस. मी ती रडत रडत खाल्ली. मीठ-तिखट लावलेली, कडा करपलेली. तेवढी चांगली भाकर मला पुन्हा मिळाली नाही. पण त्या थपडेचा राग मी सोडला नाही. पुढे शाळेत शिकवलं, सगळी वर्षं, पण छडी हातात घेतली नाही. पोरं म्हणायची, "बाई मारत नाहीत." ते ऐकून मला मी तुझ्यापेक्षा चांगली असल्यासारखं वाटायचं.

आता ऐक. धाकट्याला नात झाली आहे, नऊ महिन्यांची. तुझ्यासारखं रुंद कपाळ. त्याचा मुलगा पुलगावला कामाला असतो, आठवड्याला येतो, धाकट्याची बायको मागेच गेली, म्हणजे घरात सासरा, सून आणि ती चिमणी. तिला हगवण लागली म्हणून फोन आला आणि मी पिपरीहून निघून अल्लीपूरला गेले. वाटेत माझ्या डोळ्यांपुढे ओली जमीन. पण आता काळ तसा राहिलेला नाही. गावात औषधं वाटणाऱ्या आशाताई येऊन गेल्या होत्या. सून त्यांनी दिलेलं मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत होती, अंगावरचं दूधही चालू होतं, आणि रोज एक गोळी. चमच्यात थोडं उकळून गार केलेलं पाणी, त्यात गोळी सोडली की ती आपोआप विरते. आशाताईंनी बजावलं होतं की पोट थांबलं तरी गोळी सोडायची नाही, चौदा दिवस पुरे करायचे. आतून पोट बरं व्हायला तेवढे लागतात, आणि मग पुढचे दोन-तीन महिने हगवण सहसा फिरून येत नाही. पहिल्या दिवशी पोरीनं गोळी उलटून टाकली होती, ते धाकट्यानं पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी पोट थांबलं. चौथ्या दिवशी सकाळी सून चमचा घेऊन बसली, आणि तो दुकानातून आत आला.

"बंद झालं नं पोट्टीचं? मंग कायले पाजून राह्यली?"

"मधात नाई सोडाचं म्हनते आशाताई."

"कशाची गोळी हाय माहीत हाय का तुले? जस्त हाय जस्त. झिंक म्हंजे थेच. त्या पायपावर असते थे. त्याचा धूर गेला का मी गोधडीत हुडहुडत पडतो, एवढा दांडगा मानूस. अन् थे एवढीशी पोट्टी!"

तो खोटं बोलत नव्हता, माय. जस्ती पाइपाला वेल्डिंग केलं की संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरतो, त्या कामाच्या सगळ्यांनाच भरतो. म्हणून ते गुळाचा खडा जवळ ठेवतात. मी म्हटलं, "अरे, छातीत गेलेला धूर वेगळा आणि मोजून दिलेलं औषध वेगळं." तो म्हणाला, "ताई, तू पुस्तकातलं नोको सांगू. जस्त मी खाल्लं हाय."

सुनेनं मान खाली घालून चमचा पोरीच्या ओठांना लावला. त्यानं चमच्यावर फटका मारला. चमच्याची कड पोरीच्या हिरडीला लागली, हनुवटीवर पांढरं पाणी आणि त्यात लाल रेघ. ती किंचाळली. आणि ते रक्त पाहून तोच पिसाळला. सुनेची वेणी हाताला गुंडाळून तिला ओढलं, तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, पोर तिच्या कडेवरच होती. "मारून टाकतं का तू माह्या नातीले? मारून टाकतं का?" ओरडत होता आणि रडत होता. बुद्धाच्या फोटोखाली, माय. तसाच रडत होता.

मी खाटेवर मोसंबी सोलत होते. उठल्याचं मला आठवत नाही. थप्पड बसल्यावर माझ्या खांद्यातून कळ गेली तेव्हा कळलं की ती मी मारली. वेणी सुटली. त्यानं दाराशी टेकलेली सळई उचलली. "ताई, मोठी हायेस म्हनून…" मी त्याच्या बाजूनं दुकानात गेले, बादली ओढत आणली, पाणी सांडत, आणि त्याच्या पायांपुढे आपटली. इतकी वर्षं घासून-पुसून ठेवलेली माझी भाषा कुठे गेली कोण जाणे. "हा पोचा कशाचा हाय माहीत हाय का तुले? बाबाच्या डोक्याचा हाय. तुह्या तोंडात पानी जाऊ देत नव्हते. थेही जीव लावूनच. तुह्यासारखेच."

"बाबाले बैलानं मारलं होतं."

"आपल्याकडं बैल होता कवा रे?"

आपल्याकडे कधीच बैल नव्हता, आणि ही गोष्ट त्याला साठीला आल्यावर सुचली. त्यानं सळई खाली ठेवली आणि उकिडवं बसून पोच्यात मूठ घालून पाहिली. पटलं वगैरे काही म्हणाला नाही. उठून म्हणाला, "दे इकडं एक गोळी." चमच्यात विरवून स्वतःच प्याला. तोंड वाकडं केलं. "आज मशीन लावत नाई, नाईतर म्हनसान धुरानं झालं. दिवाबत्तीपरेंत मले थंडी भरली तं गोळ्या उकिरड्यात."

दिवसभर तो अंगणात उन्हात बसून होता. मांडीवर गोधडी, बाजूला गुळाचा खडा. समोरच्या रसवंतीवाल्यानं विचारलं, "काऊन बे, दुकान बंद ठेवून अंडे उबवून राह्यला का?" हा हसला नाही. दर थोड्या वेळानं कपाळाला हात लावून बघायचा. दिवे लागले तेव्हा मला हाक मारली, "पाह्य बरं ताई." मी हात लावला. कपाळ थंड होतं. तो आत गेला आणि गोळ्यांची पट्टी सुनेपुढे धरली. "घे. पाज."

तिच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. तिनं हात पुढे केला नाही. "तुमीच पाजा, मामाजी. मी पाजली का तुमी मारता." मग अजून हळू म्हणाली, "अन् आजचं शेवटचं. फिरून माह्या केसाले हात लागला तं पोरीले घेऊन पुलगावले जाईन. मंग पाहा वाट नातीची."

त्यानं भाजलेल्या काळ्या बोटांनी गोळी सोडली, विरवली, पोरीला मांडीवर घेतलं. तिनं सगळी त्याच्या सदऱ्यावर फुरकन उडवली. तो माझ्याकडे पाहू लागला. "आता?" सूनच म्हणाली, "आता फिरून." त्यानं फिरून दिली. रोज देतो आहे, मी रोज फोन करून विचारते. पोरगी खाऊ लागली आहे. सून कामापुरतं बोलते, त्यापुढे नाही, आणि ते बरोबरच आहे. माझ्या एका थपडेनं ते घर सुधारलं असं मी समजत नाही. तुझ्या बादलीनं तरी कुठे सुधारलं होतं. फक्त पोर वाचलं.

म्हणजे तुझं सांगणं मी मोडलं. बाबांचा मान गेला की राहिला, मला ठरवता येत नाही. निघताना धाकटा बसथांब्यापर्यंत आला. गालावर हात फिरवत म्हणाला, "तुहा हात मायसारखाच हाय, ताई. बोटं उमटली." मी त्याला म्हटलं, चल, काहीतरीच. आणि बसमध्ये बसल्यावर मी माझा तळवा उघडून पाहिला, माय, नवी बांगडी भरून आल्यावर बघतात तसा, पिपरी येईपर्यंत.

मला लाज वाटायला हवी होती. हा कागद मी फाडून टाकणार आहे. आणि आपण मेल्यानंतरचं असलं काही मानत नाही, तरी सिस्टर तुला कुठे भेटल्याच, तर त्यांना सांगू नकोस.