पेटीवरचं नाव

२ फेब्रुवारी
बोट मला बेटावर उतरवून माघारी वळली, त्या क्षणी सगळं बदललं. कॉलेज सुटलं, बाबांचं ओरडणं सुटलं, माझी मैत्रीण तोरुनही सुटली. आता मी वेधशाळेतला मदतनीस! रोज दुपारी मोठा फुगा सोडायचा. त्याला टांगलेली पांढरी पेटी पार तीस किलोमीटर वर जाईपर्यंत तिथलं तापमान कळवत राहते. मग फुगा फुटतो, पेटी समुद्रात पडते आणि गप्प होते. स्वयंपाकीण सुन्निवाने पहिल्याच जेवणाला माझी हजेरी घेतली: तिकडे ट्रॉम्सो शहरात काय पुस्तकंच खात होतास का रे? वर कॉड माशाचा दुसरा तुकडा वाढला. मजा आहे इथे.

४ फेब्रुवारी
इथली एक रीत. पेटीवर समुद्रात बुडालेल्या कुणाचं तरी नाव लिहायचं, म्हणजे तो त्या गार पाण्यातून एकदाचा वर जातो. आमचा प्रमुख आसलाक आपल्या भावाचं लिहितो. मला म्हणाला, आज तू लिही पोरा, पण जिवंत माणसाचं नाही हं. जिवंताला न्यायला वरचं खाली येतं, आणि त्याला सोडवायचं तर लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव द्यावं लागतं. मी हसलो. माझं कुणी बुडालेलं नाही. हातमोज्याआड योस्तेनचं नाव लिहिलं. स्वतःची बोट आहे म्हणे त्याची! त्या बोटवाल्यासाठीच तोरुनने मला सोडलं. दोरी हातातून सुटली तेव्हा काय बरं वाटलं!

५ फेब्रुवारी
कालची पेटी अजून बोलते आहे. फुगा फुटला, तरी ती पडलेली नाही. तिथे उणे सत्तर असायला हवं, ती उणे वीस सांगते आहे. यंत्र बिघडलंय म्हणालो, तर आसलाक खवळला: कॉलेजात हेच शिकलास का, न पटलं की यंत्राला शिव्या? आजच्या पेटीनेही तेच सांगितलं. वरची हवा एकाएकी तापली आहे, वारे उलटे फिरले आहेत. ध्रुवावरच्या थंडीला कोंडून ठेवणारं वाऱ्याचं कडं असं फुटलं, की दोनेक आठवड्यांनी ती खाली समुद्रावर सांडते. आसलाकने माझ्याकडे रोखून पाहिलं.

११ फेब्रुवारी
योस्तेनच्या पेटीची बॅटरी केव्हाच संपायला हवी होती. पेटी खाली येते आहे, पिसासारखी, रोज थोडी. आज सदतीस अंश. हवेत असलं तापमान कुठे असतं? ते माणसाच्या अंगाचं असतं.

१७ फेब्रुवारी
बंदरावरून कळलं, कॉडचा हंगाम भरात आहे, योस्तेन निघाला. बरोबर तोरुन. आता त्याच्याच बोटीवर काम करते. मी त्याचं नाव लिहिलं होतं. तिचं नाही. तिचं नाही!
आसलाकला सगळं सांगितलं. त्याने शिवी दिली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली.

१९ फेब्रुवारी
उत्तरेचा वारा सुटला. बर्फावरून उघड्या पाण्यावर आला आणि समुद्र वाफाळू लागला. रेडिओवर तोरुनला गाठलं, परत फिर म्हणालो. ती हसली. अजून जळतोस का रे? मागे बोट जाळीन म्हणाला होतास, आता बुडवतोस वाटतं! मागून योस्तेनही हसला.
धमकी माझीच. आता माझं कोण ऐकणार?

२० फेब्रुवारी
बोटीवर बर्फ चढतो आहे. लाकडी हातोड्यांनी झोडपताहेत, तरी — आज रेडिओवर तोरुन हसत नव्हती. बर्फाच्या भाराने बोट कलली आहे म्हणाली.
पेटी बेटावर घिरट्या घालते आहे.

२० फेब्रुवारी, दुपार
दारावर थाप. आसलाक आणि सुन्निवा दोघंही आतच, माझ्यासमोर. सुन्निवा म्हणाली, उघडू नको रे लेकरा. खिडकीतून पाहिलं — पेटी पायरीवर. तिच्यातून वाफ निघते आहे. दोन ओले हातमोजे तिला धरून — आणि हातमोज्यांच्या वर काहीच नाही.
तिच्यावर योस्तेनचं नाव. त्याखाली आणखी एक उमटतं आहे. पहिलं अक्षर झालं: ‘तो’ —

रेडिओवर तोरुन मला हाका मारते आहे. मला! इतक्या दिवसांनी, आणि आत्ता.
नवी पेटी घेतली. सोडवायचं तर हेच द्यायचं: स्वतःचं नाव लिहिलं. आसलाकने दंड धरला, मी झटकला. तिला सांगू नका म्हणालो. पुन्हा म्हणेल, जळतो —
फुगा भरला आहे. बाहेर आलो. ही दोघं आत उबेत राहोत — दार मागे ओढून घट्ट लावलं. थंडी वाटतच नाही. तो ओला हातमोजा माझ्या हातात —