दर्यापल्याडच्या पावण्याची व्यवस्था

अल्लाउद्दीननं चित्तेखान्याच्या कारभाऱ्याला सांगितलं, "चित्ता माझ्या हातचं खातो." साफ खोटं. माझ्या लेकाचा वास आला तरी ते जनावर तोंड फिरवतं. गणपतराव, हे आधी लिहा, मग बिस्मिल्ला.

मी सुगरा, मयत दिलदार चित्तेवानाची बायको, राहणार चित्तेखान्यामागे, करवीर. वय साठीच्या पुढं. गुडघे गेले, अक्कल शाबूत आहे. कुणाच्या धाकानं बोलत न्हाय. धाक मी घालते. माझ्यामागं असं व्हावं :

एक. दोन्ही खोल्या अल्लाउद्दीनला. दरबारातनं मिळालेला फेटाही त्यालाच. काम मी केलं, फेटा नवऱ्यानं बांधला. आता लेकानं बांधावा.

दोन. माझं जातं शेजारच्या बायडाबाईनं नेलं, ते तिलाच राहू दे. मात्र तिनं माझ्या मयताला येऊन गळा काढू नये.

तीन. चित्ता सरकारचा, तो मला कुणाला देता येत नाही. पण हकिकत लिहा. आठ वर्षांमागं दर्यापल्याडच्या कुणा सुलतानानं हा नजराणा धाडला. नव्या चित्त्याजवळ घरच्या बायकांनी दिवसभर बोलत बसायचं, ही आमची रीत. माणसाचा आवाज कानात मुरला की जनावर माणसाळतं. कारभारी म्हणाला, "राजाचा नजराणा आहे, बायका नकोत." अकरा दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. त्यानं अन्न सोडलं. तेव्हा नवरा म्हणाला, "तुझं तोंड तसंबी थांबत न्हाय. जा, बस." मी म्हटलं, "या पावणं," आणि सासूच्या गाऱ्हाण्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी त्यानं लाकडी पळीतलं मटण चाटलं. नाव पावणंच पडलं.

त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढली, तेव्हा मी गप्प झाले. जन्मात एकदाच. मधाच्या रंगाचे डोळे, खाली काजळ ओघळल्यागत दोन रेघा. माळावर काळविटामागं सोडला, तर मला त्याचं धावणं दिसलंच न्हाय. धूळ तेवढी दिसली, तीही मागनं. मी रंकाळ्यापलीकडं कधी गेले नाही, आणि अल्लानं दर्यापल्याडचं जनावर माझ्या खाटेशी आणून निजवलं.

चार. टोपी, पट्टा आणि पळी नात सलमाला. दोन वर्षं ती माझ्याबरोबर त्याच्याजवळ बसते. तोंडानं माझ्यावर गेलीय. अल्लाउद्दीन काठी घेऊन आत गेला, तर जनावर पुन्हा अन्न सोडंल, आणि या खेपेला मरंल. बाई म्हणून पोरीला दारात अडवू नये.

साक्षीदार : चमन दस्तगीर, चित्तेवान; आणि गुंडू बाळा, चित्तेखान्याचा पहारेकरी.
लिहिणार : गणपतराव.
निशाणी डाव्या हाताचा अंगठा, सुगरा.
मुक्काम करवीर, ता. ९ माहे फेब्रुवारी, सन १९१२.

अंगठ्याखाली आणखी एक लिहा. हा चित्ता डरकाळी फोडत न्हाय, पहाटे पाखरागत चिवचिवतो. मी "आले, पावणं" म्हणते, मग गप होतो. मी गेले त्या पहाटेबी हाक मारंलच की. तेव्हा रडारड बाजूला ठेवा. सलमानंच ओ द्यायची, दुसऱ्या कुणी न्हाय.