मध्यवर्ती ठिकाण

भिवंडी,
जानेवारी २००७, शनिवार (वीज आहे तोवर)

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घे. प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील आणि माझ्याकडे एकही नाही.) तुझी शुगर, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या दारातलं ते चावरं कुत्रं, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. मी बरी आहे. म्हणजे गुडघे सोडून बाकीची मी बरी आहे.

तुझं पत्र मिळालं. वाचल्यावर संतापानं मी दिवसभर कुणाशी बोलले नाही, पण एकटी राहत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तू लिहितेस, भिवंडीत बघण्यासारखं काही नाही, पण ठिकाण मध्यवर्ती आहे, तेव्हा तुझ्याकडे मुक्काम ठोकू, रोज सकाळी एकेक गाव बघायला निघू आणि रात्री जेवायला परत येऊ, तू बेत आखून ठेव. पुढे आणखी, सहज आठवल्यासारखं, की आपली धाकटी सुवर्णाही बदलापूरला बोलावते आहे, तिच्याकडे गॅलरी आहे आणि धरणही जवळ आहे. सोबत भाऊजींनी नकाशा जोडलाय. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती नकाशा आणि कर्कटक देऊ नये. त्यांनी कर्कटकाचं टोक भिवंडीवर रोवून गोल काढलाय. नीट निरखलं तर ते टोक माझ्या ओट्यावरच रुतलेलं दिसतं. म्हणजे माझं घर हे घर नव्हे, गोलाच्या मधलं भोक आहे.

तरीही मी बेत आखायला बसले. सुवर्णानं तिच्या उन्नतीच्या लग्नात सख्ख्या मावशीला, म्हणजे मला, दुसऱ्या पंगतीला बसवलं (पहिल्या पंगतीत तिच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता, जिलबी संपवून उठला) आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, हे तू जाणतेस. आता तुम्हीही तिच्या गॅलरीत जाऊन बसलात, तर माझ्या घरी पाहुणा म्हणून फक्त मीटर वाचणारा येतो, हे मला मान्य करावं लागेल. ते मी करणार नाही. शिवाय टेलिफोन खात्यात जन्मभर मी कुणालाही कुठेही जोडून दिलं आहे, आणि कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांकडे नकाशा वाचायला शिकले आहे. एक मोटार, एक एसटी, एक रेल्वे असा बेत केला आणि ठरवलं की प्रत्येक सहलीची आधी आपण रंगीत तालीम करायची.

पहिली तालीम मोटारीची. ठिकाण, वसईचा किल्ला. शेजारच्या केसरीनाथांनी गोडाऊनवाल्यांना जमीन दिल्यावर पांढरी शुभ्र गाडी घेतली आहे आणि त्यांचा दीपेश ती चालवतो. केसरीनाथ म्हणाले, मावशी, गाडी तुमचीच समजा. मी समजले. रविवारी सकाळी सँडविचचा डबा घेऊन उतरते, तर गाडीत झेंडूचे हार, नारळांचं पोतं आणि केसरीनाथांचं सगळं घर. मी म्हटलं, किल्ल्याला नारळ कशाला? तर म्हणतात, "मावशी, गारी नवी हाय. पयली देवीला दाखवाची, मंग तुमचा किल्ला. किल्ला काय पलून जातंय?" नवी गाडी वज्रेश्वरीच्या पायरीला लागल्याशिवाय दुसऱ्या गावाची हद्द ओलांडत नाही, हा त्यांच्या घरचा नियम, आणि तो मला सोडून सगळ्या आळीला ठाऊक होता. बरं, सरळ वज्रेश्वरीला तरी जावं! आधी वळ गावाला, म्हणजे अगदी उलट दिशेला, केसरीनाथांच्या बहिणीला घ्यायला गेलो. तिथे एकामागून एक गोडाऊनं, सगळ्यांची शटरं निळी, सगळ्यांचे वॉचमन बिहारचे. पूर्णा गाव कुठे संपलं आणि वळ कुठे लागलं, कुणाला कळेना. केसरीनाथ ज्या शेतात लहानाचे मोठे झाले त्याच शेतात आम्ही रस्ता चुकलो. सिस्टर म्हणायच्या, उत्तर नेहमी वर असते. इथे वर नुसते पत्रे होते. दुपारी वज्रेश्वरीला पोचलो, गाडीच्या चाकाखाली लिंबं फुटली, सगळे गरम पाण्याच्या कुंडांत उतरले आणि मी गाडीत बसून सँडविच खाल्ली. कुंडात पाय घालायला मी तिथे आलेच नव्हते.

दुसरी तालीम एसटीची. ठिकाण, जव्हारचा राजवाडा. त्यासाठी आधी वाडा गावाला जायचं. बस वाड्याचीच होती, पाटी मी चष्मा पुसून वाचली होती. ती अंबाडी नाक्यावर बंद पडली. कंडक्टरनं मागून येणारी बस थांबवली, काही जणांना त्यात चढवलं, आणि त्यांच्या मागोमाग मीही चढले. आता सांग, माणसानं बंद पडलेल्या बसमध्ये तत्त्वासाठी बसून राहायचं का? ती बस वज्रेश्वरीची होती. उरलेल्या वाडेकरांसाठी कंडक्टर दुसरी गाडी बघत होता, पण माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, तुमची सोय झाली बघा, एकदम देवळापाशी उतरा." मी जव्हार म्हटलं होतं. तिकीट दाखवलं. त्यानं तिकिटाकडे पाहिलंच नाही, माझ्या चालीकडे पाहिलं.

इथे मला पहिल्यांदा शंका आली, की चूक नकाशाची नसून माझी आहे. पण कुठली, ते कळेना.

तिसरी तालीम रेल्वेची, पुन्हा वसईच, कारण किल्ला अजून पळाला नव्हता. कालचा शुक्रवार निवडला. रविवारी गर्दी, शुक्रवारी सगळे कामावर, असा सरळ हिशेब. (इतकी वर्षं इथे राहून मी विसरले की इथल्या लूमना, म्हणजे यंत्रमागांना, सुट्टी शुक्रवारची असते. सुट्टी म्हणजे रविवार, हे कॉन्व्हेंटनं डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की भिवंडीला ते काढता आलेलं नाही.) खडखडाट बंद आणि सगळं गाव रस्त्यावर. स्टेशन गावाबाहेर, म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं माझी पिशवी पाहिली, पिशवीतून डोकावणारा टॉवेल पाहिला, मला वाकून चढताना पाहिलं आणि म्हणाला, "अम्मा, घुटने का मामला है ना? बैठो." मी म्हटलं, स्टेशन. तो म्हणाला, "हाँ हाँ, मालूम है," आणि मला वज्रेश्वरीच्या जीपपाशी नेऊन उभं केलं. जीप एका बाईसाठी अडली होती. आतल्या बायकांनी मला दंडाला धरून वर ओढलं. मी अस्खलित इंग्रजीत निषेध नोंदवला. त्या एकमेकींना म्हणाल्या, "फार ठणकतंय वाटतं बिचारीला."

तेव्हा कुठे उलगडलं. या मुलखात माझ्या वयाची बाई टॉवेल घेऊन निघाली की ती कुठे निघाली हे तिला सोडून सगळ्यांना माहीत असतं. राजवाडा आणि किल्ला बघायला निघालेली म्हातारी अजून इथे कुणी पाहिलेलीच नाही.

असो. सांगायचा मुद्दा एवढाच की मुक्कामासाठी भिवंडी उत्तम आहे. मोटार, बस, रेल्वे, सगळ्या सोयी आहेत. बदलापूरला यातलं काय आहे? एक गॅलरी. तेव्हा निःशंक मनाने माझ्याकडेच या. भाऊजींना नमस्कार आणि कर्कटक कपाटात ठेवायला सांग.

तुझी बहीण (आणि भोक),
चंद्रा

ता. क. कालचं एक सांगायचं राहिलं. म्हणजे राहिलं नव्हतं, लिहू की नको करत होते. मी कुंडापाशी गेले. तिसऱ्यांदा येऊन कोरड्या पायांनी परत जाणं मलाच बरं दिसेना. तर तिथे पायरीवर, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, कोण बसलं असेल? सुवर्णा. तिच्या महिला मंडळाची बस माळशेजला निघाली होती. तुमच्यासाठी तालीम म्हणून तिनंच आखलेली सहल! मंडळातल्या सगळ्या साठीच्या पुढच्या, ड्रायव्हरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता इकडे आणलं. मी तशीच मागे फिरत होते. तिनं पाण्यातून पाय न काढता बाजूला सरकून जागा केली आणि म्हणाली, "अक्का, ये. पहिल्या पंगतीत बस." ताई, पाणी फारच गरम होतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे.

ता. क. २. पत्र पाकिटात घालत होते तोवर आज सुवर्णा दारात. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून तुझा नकाशा पुन्हा पाहिला. त्यातून असं ठरलं की तुम्ही येऊ नका. आम्हीच दोघी पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतो. मनमाडहून शिर्डी, वेरूळ, सप्तशृंगी, येवल्याच्या पैठण्या, सगळं एका दिवसात होण्यासारखं आहे आणि भाऊजींना गाड्यांच्या वेळा पाठ आहेत. रात्री जेवायला परत येऊ. बेत आखून ठेव. मनमाडला बघण्यासारखं काही नाही हे आम्ही जाणतो, पण ठिकाण मध्यवर्ती आहे.