आमच्या अखत्यारीत नाही

प्रिय मनोज,

प्रिय लिहिताना पेन अडखळलं, तरी लिहिलं. थोरली बहीण आहे, सवय जात नाही. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण हायवे ओलांडून वडप्याला बाजाराला स्वतःच जाते, माझं ऐकत नाही. माझी दिशा यंदा बारावीला बसतेय. घरचं एवढंच. पुढचं मी गावची सरपंच म्हणून लिहितेय, आणि मला राग आलाय, तो लपवणार नाही.

राहीबाई गेली तेव्हा फोनवर मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. तू हमसून हमसून रडत होतास. आई कामाला जायची तेव्हा तू राहीबाईच्याच ओटीवर वाढलास, मग रडू येणारच. पहाटे पावणेसहाला ती गोडाऊनच्या पहिल्या शिफ्टला निघाली होती. दुभाजक जिथे तोडलाय तिथून ओलांडताना ट्रेलरने उडवलं. तिथे काळोख होता. का होता ते आता ऐक. पंचायतीच्या निधीतून आम्ही तिथे दोन दिवे लावले होते. वरून नोटीस आली, जागा राष्ट्रीय महामार्गाची आहे, हे अतिक्रमण, सात दिवसांत काढा. आम्ही मुकाट काढले, माझ्याच सहीने. ती नोटीस मी फाडून का टाकली नाही, या विचाराने डोकं भणभणतं.

तिच्या तेराव्यानंतर ग्रामसभेने पादचारी पुलाचा ठराव केला. गोडाऊनवाले डोळा ठेवून आहेत ती रस्त्याकडेची जमीन अनंताकाकांनी जिन्यासाठी फुकट दिली. जिल्ह्याने सांगितलं, राज्याकडे जा. मुंबईतल्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, ताई, हायवे केंद्राचा, फक्त सर्व्हिस रोड आमचा, मग काय अर्धाच पूल बांधू? आणि स्वतःच हसले. माझ्या अंगाची लाही झाली. गोडाऊनं उभी करायची होती तेव्हा पंचायत, राज्य, केंद्र, सगळ्यांच्या परवानग्या पटापट मिळाल्या. बाईमाणसाला रस्ता ओलांडायचा म्हटला की प्रत्येकाला आपली हद्द आठवते.

गाव रस्ता अडवायला निघालं होतं. दिवससुद्धा ठरला होता. तेवढ्यात लडकूदादा उठले, ‘अरे, आपला मनोज हाय ना दिल्लीला, त्याच हायवेच्या खात्यात! मग कशाला उन्हात बसायचा?’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आंदोलन बारगळलं. तिथेच आमचं चुकलं. मी तुला फोन लावणार होते, पण आईने अडवलं. म्हणाली, पोराला कचेरीत ओशाळं करू नको, अर्ज सरळ वाटेने जाऊ दे, गावाचं नाव वाचलं की तो करेलच. तेव्हापासून पोस्टमन दिसला की ती दाराशी येते.

काल पंचायतीच्या पत्त्यावर उत्तर आलं, आईला अजून सांगितलेलं नाही. हिंदीत, तीन ओळी. पुलाचा विषय राज्य सरकारचा आहे, सबब अर्ज निकाली. खाली सही तुझी, मनोज. न वाचता केलीस म्हणशील, तर विषयाच्या ओळीत आपल्या गावाचं नाव आहे आणि राहीबाईचंही. वाचून केलीस, तर मला तुझ्याशी बोलायचंच नाही. नियम तसा आहे म्हणशील. असेल. पण नियम तसा आहे हे सांगायला गावाने तुला शिकवलं नव्हतं, निदान आत जाऊन एकदा भांडला असतास! सव्वीस जानेवारीला ग्रामसभा आहे. आलेलं प्रत्येक टपाल सभेत मोठ्याने वाचायचा आपला रिवाज तुला माहीत आहे, खालच्या नावासकट. मी तुझं नाव गाळणार नाही. आई पहिल्याच रांगेत बसते. मी फोन केला असता तर तू रडला असतास आणि मी विरघळले असते, म्हणून स्पीड पोस्टाने लिहितेय. सभेआधी तूच आईला फोन कर आणि सांग. चारचौघांत, माझ्या तोंडून, तिला ते ऐकायला लागू नये.

तुझीच,
वैशालीताई